प्रयोगशाळेतला आत्मविश्वास येतो कुठून?

बी.एस्सी.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुले-मुली आमच्या अभ्यासिकेत येतात. गुण चांगले असतात, मेहनतीची तयारी असते. पण 'संशोधन संस्थेत उन्हाळी इंटर्नशिपसाठी अर्ज कर' म्हटले की बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो, "तिथं आपल्या पोरांचं जमेल का?" हा प्रश्न एकट्याच्या अभ्यासाचा नसतो. 'आपली पोरं' हे शब्द त्यात असतात. ज्या घरातून आजवर कुणी प्रयोगशाळेची पायरी चढलेले नाही, त्या घरातली मुलगी सगळ्या घराच्या आणि वस्तीच्या वतीने तो प्रश्न विचारत असते.

'आत्मविश्वास ठेव' हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. आत्मविश्वास ही डब्याबरोबर पिशवीत भरून द्यायची गोष्ट नाही. तो तिथे काम करता करता तयार होतो आणि त्यासाठी काही परिस्थिती लागते. ती परिस्थिती कोणती, हे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या इंटर्नशिपच्या आधारे आम्ही येथे मांडत आहोत. आमच्या अभ्यासिकेतील एका विद्यार्थिनीने पुण्यातील एका संशोधन संस्थेत आठ आठवडे काम केले. तिच्या संमतीने, नाव न देता, तिचा अनुभव सोबत घेतला आहे.

कॉलेजचे प्रॅक्टिकल आणि संशोधन

कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच ठरलेले असते. जर्नलमध्ये कोणती आकृती काढायची, निष्कर्षात काय लिहायचे, हे मागच्या बॅचकडून मिळते. एका उपकरणाभोवती पंधरा-वीस जण उभे असतात आणि हात दोघांचेच लागतात. चुकले तर गुण जातात, म्हणून न चुकण्यालाच हुशारी समजले जाते.

संशोधनाच्या प्रयोगशाळेत उत्तर कुणालाच माहीत नसते, गाईडलाही नाही. म्हणूनच तर प्रयोग चाललेला असतो. तिथे प्रयोग फसणे हा रोजचा भाग आहे. पंधरा वर्षे काम केलेल्या शास्त्रज्ञाचाही प्रयोग फसतो. पण नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला हे कुणी सांगितलेले नसते. तो कॉलेजचा नियम सोबत घेऊन जातो आणि पहिला प्रयोग फसला की निकाल स्वतःवर लावतो.

ज्यांच्या घरात प्राध्यापक, डॉक्टर, इंजिनिअर आहेत, त्यांना असे अलिखित नियम जेवणाच्या ताटावर ऐकायला मिळतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्द्यू याने याला सांस्कृतिक भांडवल म्हटले. हे भांडवल गुणपत्रिकेत दिसत नाही, पण वर्गात, मुलाखतीत आणि प्रयोगशाळेत ते चालते. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याकडे बुद्धी कमी नसते. तिच्याकडे ही माहिती नसते, आणि माहिती देता येते.

पहिले दोन आठवडे

आमची विद्यार्थिनी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, जिल्हा परिषद शाळा आणि नंतर गावातले विद्यालय असा तिचा प्रवास. बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र. वडील बांधकामावर, आई शेतमजुरीला. पुण्यातल्या त्या प्रयोगशाळेत तिच्यासोबत आणखी दोन इंटर्न होते. दोघेही मोठ्या शहरातल्या नामवंत कॉलेजांतले आणि इंग्रजीत सहज बोलणारे.

पहिल्या दोन आठवड्यांत ती जवळजवळ बोललीच नाही. पीएच.डी. करणारी सिनियर काही समजावून सांगे आणि शेवटी विचारे, 'कळलं ना?' ती मान हलवी. न कळलेले ती रात्री खोलीवर मोबाईलवर शोधत बसे. महागड्या यंत्राला हात लावायची भीती वाटे, कारण मोडले तर भरून कोण देणार? एका रात्री तिने फोनवर आम्हाला विचारले, "मी परत येऊ का?"

हे गप्प राहणे समजून घेतले पाहिजे. गाईडला वाटते, मुलीला रस नाही. मुलीला वाटते, विचारले तर अज्ञान उघडे पडेल. दोघांचाही गैरसमज वाढत जातो आणि आठ आठवडे संपतात. अनेक चांगल्या विद्यार्थ्यांचे संशोधन इथेच थांबते आणि त्याची नोंद कुठेही होत नाही.

आम्ही तिला एवढेच सांगितले की या आठवड्यात एकच काम निवड, जे कुणालाही न विचारता तुला स्वतःला तपासता येईल.

हाताला वळण

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंदुरा यांनी १९७७ साली 'हे काम मला जमेल' हा विश्वास कशातून तयार होतो, याची मांडणी केली. त्यांनी चार स्रोत सांगितले. स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते काम करताना पाहणे, विश्वासाच्या माणसाचे शब्द आणि आपल्या शरीर-मनाची अवस्था. यात पहिला स्रोत सर्वांत बळकट. पाठीवरच्या थापेपेक्षा हाताने केलेले काम जास्त पटते.

तिने निवडलेले काम मायक्रोपिपेटचे होते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत द्रव मोजायला हे साधन दिवसभर हातात असते. अंगठ्याखालचे बटण पहिल्या टप्प्यापर्यंत दाबून द्रव घ्यायचा आणि सोडताना दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून पूर्ण सोडायचा. नवखा माणूस घेतानाच दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबतो आणि जास्त द्रव येतो. डोळ्याला तो फरक दिसत नाही, पण प्रयोग बिघडतो.

याची परीक्षा सोपी आहे. १००० मायक्रोलिटर म्हणजे एक मिलिलिटर पाणी आणि त्याचे वजन साधारण एक ग्रॅम. म्हणजे १०० मायक्रोलिटर पाणी संवेदनशील काट्यावर ठेवले तर ०.१ ग्रॅमच्या आसपास आकडा यायला हवा. ती संध्याकाळी काटा मोकळा झाला की दहा-दहा वेळा पाणी घेई, आकडे वहीत लिही. पहिल्या दिवशी आकडे इकडेतिकडे पळत होते. चौथ्या दिवशी ते एकमेकांजवळ आले. कुणी शाबासकी दिली नव्हती. शाबासकी काट्याने दिली होती आणि काटा आडनाव विचारत नाही.

पट्टा दिसला नाही तेव्हा

तिचा विषय होता, सांडपाण्यातून वेगळ्या केलेल्या जिवाणूंमध्ये प्रतिजैविकांना दाद न देणारे एक विशिष्ट जनुक आहे का, हे पाहणे. त्यासाठी पीसीआर ही पद्धत वापरतात. जिवाणूच्या डीएनएमधल्या ठराविक तुकड्याच्या प्रती काढायच्या. मिश्रण साधारण ९५ अंश सेल्सिअसला तापवले की डीएनएचे दोन धागे सुटतात. तापमान ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान आणले की प्रायमर नावाचे छोटे तुकडे आपापल्या जागी चिकटतात. ७२ अंशांवर विकर नवी प्रत तयार करते. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. ३० फेऱ्यांनंतर तत्त्वतः एका तुकड्याच्या १०७ कोटींहून अधिक प्रती होतात. मग ते मिश्रण अगारोजच्या जेलमध्ये भरून वीज सोडायची. डीएनएवर ऋण प्रभार असल्याने तो धन टोकाकडे सरकतो. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात आणि रंगद्रव्यामुळे अतिनील प्रकाशात पट्टे दिसतात.

तिच्या पहिल्या जेलमध्ये एकही पट्टा आला नाही. तिचे पहिले वाक्य होते, "मला हे जमणारच नव्हतं."

सिनियरने मात्र जेलचा फोटो टेबलावर ठेवला आणि विचारले, लॅडर दिसतो का? लॅडर म्हणजे माहीत असलेल्या लांबीच्या तुकड्यांची ओळ, मोजपट्टीसारखी. ती दिसत होती. म्हणजे जेल ठीक, वीज ठीक, रंग ठीक. पॉझिटिव्ह कंट्रोल दिसतो का? म्हणजे ज्यात ते जनुक नक्की आहे असा नमुना. तो दिसत नव्हता. म्हणजे दोष तिच्या जिवाणूंच्या नमुन्यात नव्हता, सर्व नळ्यांत समान असलेल्या मिश्रणात होता. दोघींनी वही उघडून एकेक नोंद तपासली. एक प्रायमर पातळ करताना हिशेब दहापटीने चुकला होता.

दुसऱ्या वेळी पट्टे आले, पण निगेटिव्ह कंट्रोलमध्येही आला. त्या नळीत डीएनए घातलेलाच नव्हता. म्हणजे कुठून तरी भेसळ झाली होती. नवे पाणी, नव्या टिप, पुसून घेतलेले टेबल. तिसऱ्या वेळी निगेटिव्ह कंट्रोल कोरा राहिला आणि काही नमुन्यांत पट्टा स्पष्ट दिसला.

या तीन जेलनी तिला जे दिले, ते कोणतेही भाषण देऊ शकले नसते. चुकीला पत्ता असतो. ती नळीत असते, हिशेबात असते, पाण्यात असते. ती जन्मात नसते. 'तुमच्याकडून हे होणार नाही' असे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या समाजाच्या मुलीसाठी हा फरक लहान नाही. कंट्रोल ठेवून प्रयोग करणे म्हणजे आपल्या मनात बसलेल्या समजुतीलाही पुरावा मागणे.

आपल्यासारखे कुणी

बंदुरा यांचा दुसरा स्रोत म्हणजे आपल्यासारख्या माणसाला ते काम करताना पाहणे. याचे एक उदाहरण अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात आहे. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव ज्यांच्या लढ्यावरून घेतले, त्याच समाजाने विज्ञानाच्या प्रयोगशाळेतही स्वतःसाठी जागा करून घेतली. ती कशी केली, हे आपण पाहायला हवे.

डॉ. किझ्मेकिया कॉर्बेट हे नाव कोरोनाच्या काळात जगाला कळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील ज्या गटाने मॉडर्ना कंपनीसोबत लस विकसित केली, त्या गटातील त्या आघाडीच्या शास्त्रज्ञ. त्यांचा रस्ता उन्हाळी इंटर्नशिपमधून गेला. नॉर्थ कॅरोलिना राज्यात शाळेत असतानाच त्यांना 'प्रोजेक्ट सीड'मधून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करायला मिळाले. आर्थिकदृष्ट्या मागे असलेल्या शाळकरी मुलांसाठी अमेरिकन केमिकल सोसायटी हा उपक्रम चालवते. तिथे त्यांना शिकवणारा पीएच.डी.चा विद्यार्थी कृष्णवर्णीयच होता. पुढे मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेत त्या मायरहॉफ शिष्यवृत्तीवर शिकल्या आणि २००८ मध्ये जीवशास्त्राबरोबर समाजशास्त्रातही पदवी घेतली. २०१४ मध्ये पीएच.डी. झाली.

मायरहॉफ कार्यक्रम १९८८ मध्ये कृष्णवर्णीय तरुणांना विज्ञानात टिकवण्यासाठी सुरू झाला आणि नंतर सर्वांसाठी खुला झाला. त्याची रीत साधी आहे. पहिल्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात एकत्र शिबिर, गटाने अभ्यास, लवकरात लवकर प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम आणि सतत लक्ष ठेवणारे मार्गदर्शक. एकट्या हुशार मुलाला एकटे पाठवायचे नाही, हे त्याचे मर्म. कॉर्बेट यांच्या कर्तृत्वामागे ही बांधलेली व्यवस्था होती.

आमच्या विद्यार्थिनीलाही असे माणूस भेटले. चौथ्या आठवड्यात शेजारच्या प्रयोगशाळेतील एक पीएच.डी.चा विद्यार्थी डबा खाताना मराठीत बोलू लागला. तोही तालुक्याच्या कॉलेजातून आलेला. त्याने सांगितले की पहिल्या वर्षी त्याचेही चार महिने एका प्रयोगात गेले होते. त्या दिवसापासून ती जेवायला एकटी बसली नाही.

शब्द आणि धडधड

तिसरा स्रोत शब्दांचा. 'छान, चालू ठेव' अशा शाबासकीने फार काही होत नाही. 'तुझ्या वहीतली नोंद इतकी नेटकी होती म्हणून आपल्याला चूक सापडली' या वाक्याने होते, कारण ते खरे आहे आणि नेमके आहे. मार्गदर्शकाने काय बरोबर झाले आणि पुढच्या वेळी काय बदलायचे, हे दोन्ही सांगितले की विद्यार्थ्याला आपल्याकडून अपेक्षा ठेवली जात आहे, हे कळते. दया दाखवली गेली तर तेही कळते आणि ते लागते.

चौथा स्रोत शरीराचा. लॅब मीटिंगमध्ये सर्वांसमोर उभे राहताना छाती धडधडते, घसा कोरडा पडतो. नवख्याला वाटते, ही आपल्या कमकुवतपणाची खूण. खरे तर ती तयारीची खूण असते आणि सरावाने ती आटोक्यात येते. तिने सातव्या आठवड्यातले दहा मिनिटांचे सादरीकरण खोलीवर आठ-दहा वेळा घड्याळ लावून म्हटले. इंग्रजी वाक्ये लहान ठेवली. अडले तर फळ्यावर आकृती काढायची, हे आधीच ठरवले. एका प्रश्नावर ती म्हणाली, हे मला माहीत नाही, पण हे तपासायला मी अमुक प्रयोग करीन. गाईडने मान डोलावली.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला, तेव्हा ते २५ वर्षांचे होते. विद्यार्थ्यांनी आपले काम जाणकारांसमोर मांडायचे, प्रश्न झेलायचे, उत्तर द्यायचे, ही परिसंवादाची पद्धत. लॅब मीटिंग हे त्याचेच भावंड आहे. त्या टेबलाशी बसण्याचा हक्क आपल्या मुलांना सवयीचा व्हायला हवा.

तिचा आत्मविश्वास वाढला हे आम्ही कशावरून म्हणतो? तिच्या प्रश्नांवरून. सुरुवातीला तिचा प्रश्न असे, 'हे बरोबर आहे का?' पाचव्या आठवड्यात ती विचारू लागली, 'हे असं का झालं?' शेवटी म्हणू लागली, 'आपण असं करून पाहिलं तर?' पहिल्या प्रश्नात परवानगी मागणे आहे, शेवटच्यात सहभाग आहे.

सगळा भार विद्यार्थ्यावर नको

एक धोका येथे सांगितलाच पाहिजे. आत्मविश्वासाची चर्चा अनेकदा संस्थांना मोकळे सोडते आणि सगळा दोष विद्यार्थ्याच्या मनावर टाकते. प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ मध्ये दिल्लीच्या एम्सबाबत दिलेल्या अहवालात अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिकवणे, परीक्षा आणि वसतिगृह अशा अनेक पातळ्यांवर मिळणारी भेदभावाची वागणूक नोंदवली आहे. जिथे अपमान होतो तिथे 'आत्मविश्वास वाढव' हा सल्ला अन्याय्य आहे. तिथे तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवावेत आणि विश्वासाच्या माणसाला लगेच कळवावे. विद्यापीठे आणि महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकाऱ्याची तरतूद केली. तो अधिकारी कोण, हे पहिल्याच आठवड्यात माहीत करून घ्यावे.

आता काय करायचे

विद्यार्थ्यांसाठी: भारतीय विज्ञान अकादमी, भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि राष्ट्रीय विज्ञान अकादमी, भारत या तीन संस्था मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन छात्रवृत्ती देतात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बेंगळुरूचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र यांचेही उन्हाळी कार्यक्रम आहेत. अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी, हिवाळ्यातच मागवले जातात, त्यामुळे दिवाळीपासून या संस्थांची संकेतस्थळे पाहत राहा. अर्जात आवड थोडक्यात लिहावी लागते आणि प्राध्यापकांचे शिफारसपत्र लागते. प्राध्यापकांशी आधीपासून बोलत राहा. गेल्यावर रोजची नोंद त्याच दिवशी लिहा. कळले नाही तर 'पुन्हा एकदा दाखवाल का?' हे वाक्य पहिल्याच दिवशी उच्चारा, कारण दहाव्या दिवशी ते जास्त जड जाते. निघताना गाईडना काम कुठवर आले याचे दोन पानांचे टिपण द्या. पुढचे शिफारसपत्र त्यावर उभे राहते.

कार्यकर्त्यांसाठी: विद्यावेतन काही ठिकाणी काम संपल्यावर हातात येते. खोलीभाडे आणि मेस मात्र पहिल्या दिवशी द्यावी लागते. अनेक मुली इथेच अडतात. जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम उसनवार निधी म्हणून बाजूला ठेवता येईल. विद्यावेतन आले की ती परत येते आणि पुढच्या विद्यार्थ्याला जाते. दुसरे, विहारात किंवा अभ्यासिकेत दहा मिनिटांच्या सादरीकरणाचा सराव घ्या. ऐकणाऱ्यांना विषय कळलाच पाहिजे असे नाही, प्रश्न विचारता आले पाहिजेत. तिसरे, आधी जाऊन आलेल्यांचे फोन नंबर त्यांच्या परवानगीने नव्यांना द्या. दुसऱ्या आठवड्यात फोन येईल हे गृहीत धरा आणि तो उचला.

ती विद्यार्थिनी आता एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. यंदा अर्ज करणाऱ्या तिघांची यादी तिनेच केली आहे आणि रविवारी दुपारी ती त्यांना अभ्यासिकेत बसवून पीसीआर समजावते. पिपेट नाही, म्हणून सिरिंजने पाणी मोजून काट्यावर ठेवायला लावते.